डबा आधी, दावा नंतर

वर्धा

चि. भाच्यास,

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा पहिलाच प्रश्न होता, "मामा, कंपनीवर केस टाकता येते का?" फवारणी करताना विषबाधा झालेल्या तुझ्या सालदाराची तब्येत कशी आहे हे मला विचारावं लागलं. तो शुद्धीवर आहे, थोडं जेवतो आहे, हे ऐकून जीव भांड्यात पडला. फोनवर सगळं सांगणं जमलं नाही म्हणून लिहितो. ताईलाही वाचून दाखव, घरातले कागद तीच जपते.

केस टाकता येते. पण त्याआधी कीटकनाशकाचा डबा कुठे आहे ते सांग. फवारणी झाल्यावर धुऱ्यावर भिरकावला असेल तर आजच शोधून आण. हातात मोजे घाल, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांध आणि लेकरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेव. औषध उरलं असेल तर त्याच डब्यात राहू दे, दुसऱ्या बाटलीत ओतू नकोस. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, उत्पादकाचं नाव, विष किती जहाल ते सांगणारा रंगीत त्रिकोण, सूचना, उतारा, हे सगळं त्या डब्यावर असतं. त्रिकोण लाल असेल तर सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. तुझ्या डब्यावर कोणता होता हे तुला आठवलं नाही. समोरचा वकील हाच प्रश्न सगळ्यांत आधी विचारेल.

मग बिल. हंगामात उधारीवर माल उचलायचा आणि कापूस विकल्यावर हिशेब करायचा, या रीतीत पक्कं बिल कोणी मागत नाही. वहीतलं टिपण ग्राहक आयोगापुढे फार काळ टिकत नाही. कृषी केंद्रात जाऊन बॅच नंबरासह बिल माग. भांडू नकोस, नुसतं माग.

तिसरा कागद दवाखान्याचा, आणि मला काळजी याचीच जास्त आहे. आपल्या भागात विषबाधेचा रोगी दारात आला की 'प्यायला असेल' असा संशय आधी येतो. केसपेपरवर नुसतं 'विषबाधा' लिहिलं असेल, तर 'शेतात फवारणी करताना' ही नोंद नाही म्हणून पुढे सगळं अडतं. उद्याच जाऊन डॉक्टरांना भेट, डब्यावरचं नाव दाखव, पोलिसांच्या जबाबातही तेच येऊ दे. यात उपचाराचाही प्रश्न आहे. सगळ्या औषधांना एकच उतारा चालत नाही, काहींना तर नेमका उताराच नाही. डबा पाहिल्याशिवाय डॉक्टर अंदाजानेच चालणार.

२०१७ चा पावसाळा तुला आठवत असेल. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसं गेली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, हातात जोरदार फवारा मारणारे पंप, दोनतीन औषधं एकत्र केलेली, तोंडाला फार तर एक दुपट्टा. सरकारने विशेष तपास पथक नेमलं. विषबाधा ओळखायला लागणारी रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी तिथे होत नाही, अशी तेव्हा मोठी ओरड झाली. पुढे २०२१ मध्ये दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी थेट स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या न्यायालयात कीटकनाशकं बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीवर दावा लावला. कंपनीने जबाबदारी नाकारली. अशा दाव्यात मुख्य झगडा एकाच गोष्टीवर होतो: नेमकं कोणतं औषध अंगावर गेलं? म्हणून मी डबा-डबा करतो आहे.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, तो २०२० च्या जुलैत लागू झाला. त्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेसाठी उत्पादकाला जबाबदार धरणारं स्वतंत्र प्रकरण आहे. माल बनवताना दोष राहिला, रचनाच चुकीची, किंवा वापराच्या पुरेशा सूचना आणि धोक्याचे इशारे दिले नाहीत, तरी उत्पादक सापडतो. विक्रेता एरवी सुटतो. पण उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल किंवा विक्रेत्याने कंपनीचे इशारे पुढे पोचवले नसतील तर तोही अडकतो. मुदत दोन वर्षांची. जिल्हा आयोगासाठी पन्नास लाखांची जी मर्यादा तू वाचलीस ती वस्तूसाठी दिलेल्या किमतीची आहे, मागितलेल्या भरपाईची नाही. त्यामुळे काही शे रुपयांच्या डब्याचं प्रकरण वर्ध्याच्या जिल्हा आयोगातच चालेल, आणि त्याला फीही नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही, हे वकील असून सांगतो.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते तुला आवडणार नाही. माल मालकाने कामासाठी विकत घेतला आणि उत्पादकाने इशारे त्या मालकाला दिलेले होते, तर 'इशारा दिला नाही' म्हणून उत्पादकाला धरता येत नाही. इथे मालक कोण? तू. डब्यावरच्या सूचना तू त्याला वाचून दाखवल्यास का? मोजे, चष्मा, मास्क दिलास का? वारा कोणत्या बाजूचा होता? दोन औषधं मिसळायला कोणी सांगितलं? याची उत्तरं मला खरी दे, नंतर कोर्टात द्यावी लागतील.

म्हणून सांगतो, ही केस तुझी नाही, सालदाराची आहे. खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक, हा मुद्दा त्याच्या बाजूने मांडता येतो. दुसरी वाट कामगार भरपाईच्या कायद्याची. त्याच्या यादीत यांत्रिक शक्तीने किंवा विजेने होणाऱ्या शेतीकामाचा उल्लेख आहे. पंप पेट्रोलचा होता म्हणतोस, तेव्हा तो वाद उभा राहू शकतो, आणि राहिला तर समोर तू असशील. त्यामुळे त्याचा वकील मी होऊ शकत नाही. वर्ध्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात त्याच्या बायकोला पाठव. १९८७ च्या कायद्याने बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे मोफत वकील मिळतो.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचं विचारलंस. फवारणीची विषबाधा त्यात बसते, मृत्यूला दोन लाख आहेत. पण ती सातबारा असणाऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. ज्याच्या नावावर वावर नाही आणि ज्याच्या पाठीवर पंप असतो, तो त्यात नाही. हे सरकारला कोण सांगणार!

आता तुझ्या दुसऱ्या तक्रारीचं, न उगवलेल्या सोयाबीनचं, थोडक्यात. पिशवी, टॅग आणि बिल जपलंस हे उत्तम केलंस. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज दे, पंचनामा करून घे. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी. बियाणं तपासायला शिल्लक ठेवलं नाही म्हणून कंपनी नाक वर करील. पण शेतकरी सगळं बियाणं पेरूनच टाकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात मान्य केलं आहे, आणि शेतकऱ्याला ग्राहकही म्हटलं आहे.

रविवारी अल्लीपूरला येतो. तोवर कोणत्याही कोऱ्या कागदावर सही करू नकोस, सालदारालाही करू देऊ नकोस. कंपनीचा माणूस 'आपसात मिटवू' म्हणत आला तर चहा पाज आणि लेखी माग. दवाखान्याचा खर्च तू भर, आणि तो सालाच्या पैशातून कापून घेऊ नकोस.

तुझा,
मामा