दारिद्र्याचे माप आणि राष्ट्राची आकांक्षा

स्वातंत्र्यानंतर भारताने मोठी धरणे, पोलादाचे कारखाने आणि संशोधनसंस्था उभारण्याचा संकल्प केला, तेव्हा त्यामागे केवळ सामर्थ्याची हौस नव्हती. उत्पादन वाढले म्हणजे दारिद्र्य ओसरेल, अशी नियोजनकारांची धारणा होती. परंतु ते ओसरले की नाही, हे ठरविण्यासाठी आधी त्याचे माप हवे. या मापाचा इतिहास पाहिला असता, राष्ट्र आपल्या नागरिकासाठी किमान काय आवश्यक मानते, हेही कळून येते.

असे माप शोधण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न दादाभाई नौरोजी यांनी केला. समुद्रमार्गे परदेशी नेल्या जाणाऱ्या मजुरांना प्रवासात मिळणारा शिधा त्यांनी आधारासाठी घेतला. १८६७-६८ च्या भावांनुसार किमान गरजांसाठी प्रदेशपरत्वे माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये लागत. देशाचे दरडोई उत्पन्न मात्र त्यांच्या हिशेबाने सुमारे २० रुपयेच होते. म्हणजे ते सर्वांना समान वाटले तरीही अनेक प्रांतांत पुरे पडले नसते.

१९६२ साली नियोजन मंडळाने नेमलेल्या अभ्यासगटाने १९६०-६१ च्या भावांनुसार दरमहा दरडोई २० रुपये ही किमान खर्चाची पातळी सुचविली. आरोग्य व शिक्षण यांचा खर्च तीत धरलेला नव्हता. तो भार राज्यसंस्था उचलील, असे गृहीत होते. त्याच सुमारास झालेल्या दीर्घ मुदतीच्या नियोजनात एक कटू सत्यही मान्य करण्यात आले: सर्वांत तळच्या सुमारे एक-पंचमांश लोकांपर्यंत विकासाचा लाभ आपोआप पोहोचणार नाही, त्यांच्यासाठी वेगळी तरतूद करावी लागेल.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये हाच प्रश्न ऐरणीवर आणला. रोज २,२५० उष्मांक देणारा आहार ही त्यांची कसोटी होती. तिच्यानुसार १९६०-६१ मध्ये ग्रामीण जनतेचा मोठा भाग आणि सुमारे निम्मी शहरी जनता दारिद्र्यात होती. ज्याच्याजवळ जमीन नाही, त्याला सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा, असा उपाय त्यांनी मांडला. महाराष्ट्राने १९७२ मध्ये रोजगार हमी योजना सुरू केली आणि १९७९ मध्ये तिचा कायदा अमलात आला.

राज्यसंस्थेने उचलावयाचा भार मात्र पुष्कळ अंशी कुटुंबांवरच राहिला. शाळेची फी आणि औषधपाण्याचा खर्च गरीबही करीत होते. हिशेबात तो नव्हता. सुरेश तेंडुलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००९ मध्ये हा खर्च विचारात घेऊन रेषा नव्याने आखली, तेव्हा २००४-०५ मधील दारिद्र्याचे प्रमाण २७.५ टक्क्यांवरून ३७.२ टक्क्यांवर गेले. लोक एका रात्रीत अधिक गरीब झाले नव्हते; माप बदलले होते. त्याच नव्या मापाने २०११-१२ मध्ये हे प्रमाण २१.९ टक्के भरले. प्रगती खरी होती, हे यावरून दिसते.

म्हणून दारिद्र्यरेषेचा आकडा वाचताना दोन प्रश्न विचारावेत: तीत काय धरले आहे, आणि जे वगळले ते कोण देणार आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिल्याखेरीज रेषेखालील माणसांची संख्या कमी झाल्याचे समाधान अपुरेच राहते.