कंपाइल झालं, पण वाचेना

सोर्स कोडमधून सॉफ्टवेअर बसवायचं म्हटलं की सगळे ‘मेक’ला घाबरतात. माझ्या मते ही भीती अस्थानी आहे. ‘मेक’ अडलं तर निदान बोंब तरी मारतं. घात करतं ते त्याच्या आधीचं ‘कॉन्फिगर’. एखादी ऐच्छिक लायब्ररी सापडली नाही तर ‘नो’ एवढंच पुटपुटून ते पुढे सरकतं. पडद्यावरून शेदोनशे ओळी सरसर निघून जात असताना त्यातला एक ‘नो’ वाचतो कोण?

ठाण्यातले डीटीपीवाले, छोटे छापखाने आणि झेरॉक्सची दुकानं यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा. परवडत नाही म्हणून असो किंवा व्हायरसला कंटाळून असो, यातले बरेचजण लिनक्सवर आले. त्यामुळे सोर्स कोडची निस्तरणीही माझ्याकडे येते. टेंभी नाक्यावरच्या एका दुकानातलं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण इतर ठिकाणी सुटं सुटं दिसणारं बरंच काही तिथे एकाच मशीनवर सापडलं.

नवरात्राच्या तोंडावरचे दिवस. आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या देवीच्या उत्सवाचा मांडव नाक्यावर उभा राहायला लागला की तिथल्या डीटीपीवाल्यांना जेवायला फुरसत नसते. त्यात या दुकानाने एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम धरलेलं. पन्नास वर्षांचे अहवाल, निम्मे खिळ्यांच्या छपाईतले, पिवळे पडलेले, आणि सगळा मजकूर नव्याने हवा. ऑपरेटर ताई एकट्या किती टाइप करणार? म्हणून दुकानाच्या मालकांच्या, म्हणजे काकांच्या, इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने टेसरॅक्ट बसवून दिलं होतं. स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं ओळखून मजकूर करून देणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मराठीही वाचतं. भाचा पुढे नोकरीला बंगळूरला गेला.

काकांचा फोन आला. “अहो, इतके दिवस वाचत होतं. आता नाही म्हणतंय.”

“नक्की काय म्हणतंय?”

“इंग्रजीत म्हणतंय.”

जाऊन पाहिलं तर पडद्यावर ‘फंक्शन नॉट प्रेझेंट’. फाइल होती टिफ. तोवरची सगळी पानं मोबाइलवर फोटो काढून, म्हणजे जेपेग म्हणून दिलेली. संस्थेने या वेळी चांगल्या स्कॅनरवरून तीनशे डीपीआयच्या टिफ फाइल आणून दिल्या आणि गाडं अडलं. काकांच्या दृष्टीने सॉफ्टवेअर बिघडलं होतं. खरं तर ते बसवल्या दिवसापासूनच अर्धवट होतं, फक्त कोणी त्याला टिफ दिली नव्हती.

हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. टेसरॅक्ट स्वतः चित्रं उघडत नाही. ते काम लेप्टोनिका नावाची लायब्ररी करते, आणि लेप्टोनिका पुन्हा पीएनजी, जेपेग, टिफ यांच्या वेगवेगळ्या लायब्रऱ्यांवर विसंबून असते. भाच्याने लेप्टोनिकाही सोर्समधूनच बांधलं होतं. त्या वेळी ‘कॉन्फिगर’ला टिफ सापडली नाही, तेव्हा त्याने टिफविना लेप्टोनिका बांधलं. कुठेही चूक दाखवली गेली नाही. फोनवर भाचा छातीठोकपणे सांगत होता, “टिफ आहे की मशीनवर! गिंपमध्ये उघडते ना!” उघडते, बरोबर. पण उबंटूत प्रत्येक लायब्ररीचे दोन भाग असतात. एक तयार प्रोग्रॅम चालवायला लागणारा, आणि दुसरा नवा प्रोग्रॅम बांधायला लागणारा, ज्याच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असतं. गिंपला पहिला पुरतो, कंपायलरला दुसरा लागतो. सोर्समधून बांधताना येणाऱ्या दहांपैकी निदान सहा तक्रारींचं मूळ या ‘डेव्ह’मध्ये असतं, असा माझा अंदाज आहे.

यावर उपाय साधा आहे. टेसरॅक्टला नुसती आवृत्ती विचारली की ते लेप्टोनिकाची आवृत्ती सांगतं आणि तिच्याखाली एका ओळीत कोणकोणत्या चित्र-लायब्रऱ्या जोडल्या आहेत तेही सांगतं. काकांच्या मशीनवर त्या ओळीत जेपेग होतं, झेडलिब होतं, टिफचा पत्ता नव्हता. बसवल्या बसवल्या ती ओळ वाचली असती तर ऐन नवरात्रात धावाधाव झाली नसती. काहीही सोर्समधून बसवलंत की त्याला आवृत्ती विचारा आणि उत्तर शेवटपर्यंत वाचा. बरेच प्रोग्रॅम स्वतःत काय काय आहे ते तिथेच कबूल करतात.

दुसरी भानगड ताईंनी दाखवली. मध्यंतरी कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी उबंटूच्या भांडारातलं तयार टेसरॅक्टही मराठीच्या फाइलसकट बसवलं होतं. म्हणजे मशीनवर टेसरॅक्ट दोन. हाताने बांधलेलं ‘यूएसआर-लोकल’ फोल्डरमध्ये, उबंटूचं ‘यूएसआर’मध्ये. नाव घेऊन हाक मारली की आधी लोकलवालं उठतं. ते मराठीची फाइल आपल्या घरात शोधतं, आणि ती असते शेजाऱ्याच्या घरात. त्यामुळे ‘मराठीची फाइल उघडता येत नाही’ असा संदेश यायचा, आणि ताई पुन्हा पुन्हा तीच फाइल उबंटूमधून बसवत राहायच्या. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन प्रती मशीनवर नांदू देऊ नका. आपण नेमकी कोणती चालवतोय हे ‘टाइप’ ही आज्ञा सांगते, आणि ती प्रत कोणत्या लायब्रऱ्या उचलते हे ‘एलडीडी’ सांगते. या दोन आज्ञा पाठ असल्या तरी निम्मं निदान होतं.

दुरुस्ती करताना मी लेप्टोनिका पुन्हा बांधलं नाही. टेसरॅक्ट पाचला लेप्टोनिका १.७४ किंवा त्यापुढचं लागतं, आणि उबंटू २२.०४ मधलं तयार लेप्टोनिका त्याहून बरंच नवं आहे. जे भांडारात पुरेसं नवं मिळतं ते तिथूनच घ्यावं, सोर्समधून फक्त शेवटचा, खरोखर हवा असलेला तुकडा बांधावा. भाच्याने सगळं हौसेने मुळापासून बांधलं. हौस समजते, पण गिऱ्हाइकाच्या मशीनवर ती नको. क्रमही महत्त्वाचा: आधी हाताने बांधलेलं लेप्टोनिका उपटून काढायचं, मग उबंटूचं ‘डेव्ह’सकट घ्यायचं, मग टेसरॅक्टचं ‘कॉन्फिगर’ नव्याने चालवायचं. जुनं तसंच ठेवलं तर ‘कॉन्फिगर’ पुन्हा त्याच्याच गळ्यात पडतं. नुसतं ‘मेक’ पुन्हा चालवून उपयोग नाही, कारण टिफ नाही हा निकाल त्याआधीच लागलेला असतो. शेवटी ‘एलडीकॉन्फिग’ विसरू नका. ते राहिलं तर लायब्ररी डोळ्यांसमोर असूनही प्रोग्रॅम ती सापडत नाही म्हणून हटून बसतो.

उपटून काढणं जमलं ते भाच्याचं सोर्सचं फोल्डर अजून डाउनलोड्समध्ये पडून होतं म्हणून. ‘मेक अनइन्स्टॉल’ त्या फोल्डरातूनच चालतं. जागा अडते म्हणून लोक नेमकं तेच पुसतात. सीमेकने बांधलेल्या बऱ्याच सॉफ्टवेअरला तर अनइन्स्टॉलची सोयच नसते. तिथे बसवलेल्या फाइलींची यादी ‘इन्स्टॉल मॅनिफेस्ट’ नावाच्या फाइलमध्ये असते, तीच जपून ठेवावी लागते. मी आता दोनपैकी एक करतो. एक तर ‘चेकइन्स्टॉल’ वापरून त्याचं डेब पॅकेज करून घेतो, म्हणजे ते बसवल्याची नोंद उबंटूकडे राहते. नाहीतर ‘ऑप्ट’मध्ये त्या सॉफ्टवेअरला स्वतंत्र फोल्डर देतो. नको झालं की फोल्डर पुसलं, विषय संपला.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. ‘मेक’ला ‘जे’ हा पर्याय दिला की कामं एकदम चालतात, पण पुढे आकडा घातला नाही तर ते जमेल तितकी कामं सुरू करतं. चार जीबीच्या मशीनवर माउस हलेनासा होतो आणि शेवटी कर्नल कंपायलरलाच मारून टाकतो. अशा मशीनला दोन पुरे. दुसरं, ‘सुडो’ फक्त ‘मेक इन्स्टॉल’ला लावा. ‘कॉन्फिगर’ आणि ‘मेक’ आपल्या साध्या खात्यातून चालवा. परक्याने लिहिलेली स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने कशाला चालवायची? तिसरं, आज्ञा व्हॉट्सअॅपवरून किंवा वर्डमधून उचलू नका. दोन लहान आडव्या रेघांची वर्ड एक लांब रेघ करतं, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं, आणि ‘कॉन्फिगर’ला तो पर्याय ओळखूच येत नाही. मेकफाइलमध्ये टॅबच्या जागी स्पेस आल्या की ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून ‘मेक’ थांबतं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये ‘मेक’ लिहिलं तेव्हापासूनचा हा टॅबचा हट्ट आहे, अजून सुटलेला नाही.

आणि घड्याळ! डोंबिवलीतल्या एका दुकानात जुनं असेंबल केलेलं मशीन होतं. ‘कॉन्फिगर’ सुरुवातीलाच म्हणायचं की आत्ता तयार केलेली फाइल जुन्या फाइलींपेक्षा जुनी आहे, घड्याळ तपासा. दुकानदाराला ही थट्टा वाटली. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, मशीन कित्येक वर्षं मागच्या तारखेत जगत होतं. ‘मेक’ कोणती फाइल पुन्हा बांधायची हे तिच्या वेळेवरूनच ठरवतं, त्यामुळे तारीख चुकली की सगळाच हिशेब चुकतो. सेल बदलला, काम पुढे सरकलं. पुढे कोणी सोर्सवाली तक्रार घेऊन आलं की मी आधी तारीख विचारतो.

आता मुद्द्याचा प्रश्न: मुळात सोर्समधून बांधायचं कशाला? टेसरॅक्टच्या बाबतीत कारण होतं. हे सॉफ्टवेअर एचपीमध्ये १९८५ ते १९९४ या काळात घडलं, २००५ मध्ये खुलं झालं, २००६ पासून गूगलने त्याला पाठबळ दिलं. अक्षर ओळखण्याची न्यूरल नेटवर्कची पद्धत २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत आली. पाचवी आली नोव्हेंबर २०२१ मध्ये, आणि उबंटू २२.०४ मात्र ४.१.१ वरच राहिलं. भाच्याला पाच हवं होतं. हवं असण्याला हरकत नाही, पण त्याने चार आणि पाच एकाच पानावर चालवून पाहिलं नव्हतं. आम्ही ते केलं. जुन्या अहवालाचं एक पान घेतलं, त्यात ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘कळवळा’ असे शब्द मुद्दाम शोधले. मराठीत घसरायची जागा ठरलेली असते ती म्हणजे ‘ऱ्या’तला अर्धा ‘र’ आणि दाबून छापलेली जोडाक्षरं. त्या पानावर दोन आवृत्त्यांत काकांचे पैसे वाचतील असा फरक दिसला नाही. पान सरळ करून, कडा कापून दिलं तेव्हा मात्र दोन्हींच्या चुका ठळकपणे कमी झाल्या. ज्या शहरात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे तिथे चाचणीसाठी जुन्या छपाईचं पान मिळायला अडचण नाही. आवृत्तीच्या मागे लागण्याआधी स्वतःच्या कामातलं एक पान घेऊन पाहा. शिवाय बाहेर येणारा मजकूर युनिकोड असतो आणि पान लावायचं असतं बहुधा श्रीलिपीत. तो कन्व्हर्ट करण्याचा वेळही हिशेबात धरा.

स्वतः बांधलेल्या सॉफ्टवेअरचा सांभाळही स्वतःकडे येतो. उबंटू दर आठवड्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवत असतं, पण लोकलमध्ये काय बसलंय याची त्याला गंधवार्ता नसते. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ लागतोय असं वाटलं आणि त्याने माग काढला. त्यातली गोम अशी की तो चोरदरवाजा सुरू करणारा तुकडा गिटमधल्या उघड्या कोडमध्ये नव्हता, डाउनलोडसाठी ठेवलेल्या गठ्ठ्यात होता, आणि ‘कॉन्फिगर’-‘मेक’ चालतानाच तो कामाला लागायचा. लिनक्सच्या वितरणांनी दुरुस्ती झपाट्याने पोहोचवली. ज्यांनी तो गठ्ठा हाताने बांधला असेल त्यांना कोण कळवणार? म्हणून गठ्ठा प्रकल्पाच्या मूळ जागेवरूनच घ्या, सही दिली असेल तर तपासा, आणि बांधलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या सूचना आपल्याला येतील अशी सोय करा. हे करायचं नसेल तर भांडारातलं जुनं बरं.

मी ज्या मशीनवर काही बांधतो तिथे कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवतो. त्यावर तारीख, आवृत्ती, ‘कॉन्फिगर’ला दिलेली पूर्ण ओळ, कुठे बसवलं आणि त्यासाठी कोणती ‘डेव्ह’ पॅकेजेस घेतली एवढं असतं. काकांकडे असा कागद होता, म्हणून उबंटू २४.०४ वर जाताना सोपं गेलं. तिथे टेसरॅक्ट ५.३.४ तयारच मिळतं. हाताने बांधलेलं काढून टाकलं, मराठीची फाइल एपीटीने घेतली, आणि दुकानात आता सोर्समधलं काही उरलेलं नाही. ताईंनी विचारलं, “मग भाच्याचं ते सगळं फुकट?” फुकट नाही, तोच आता तिकडे दुसऱ्यांची पॅकेजेस बांधतो म्हणे.

कुठे अडलातच आणि कोणाला विचारायचं झालं, तर पडद्याच्या शेवटच्या ओळीचा फोटो पाठवू नका. तिथे बहुधा ‘एरर १’ एवढंच असतं, आणि एकदम चार कामं चालू असतील तर खरी चूक कितीतरी ओळी वर गेलेली असते. ‘जे’ काढून ‘मेक’ पुन्हा चालवा, वरून येताना जिथे ‘एरर’ शब्द पहिल्यांदा दिसेल तिथला मजकूर कॉपी करा. ‘कॉन्फिगर’वर अडलं असेल तर त्याच फोल्डरमधली ‘कॉन्फिग लॉग’ फाइल आख्खी पाठवा. आणि सोबत उबंटूची आवृत्ती लिहा, नाहीतर समोरचा पहिला प्रश्न तोच विचारणार.