दाढेतला सिरॅमिक इनले: कड नीट बसली का?



मलिद्यातले खवलेले खोबरे माझ्या उजव्या खालच्या दाढेत दर वेळी अडकू लागले, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. मुंबईत तीस वर्षे दातांच्या लॅबमध्ये मेण कोरण्याचे काम केले, पण स्वतःच्या दाताकडे दुर्लक्ष केले. गेल्या वर्षी सिंगापूरला मुलीकडे राहायला गेलो आणि तिथे दाढ ठणकू लागली. त्या बाजूला चावायला तेवढी एकच दाढ उरली आहे. ती गेली तर कवळीशिवाय इलाज नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दाढेचा फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला. वीस वर्षांपूर्वी बसवलेला इनले शाबूत होता, पण त्याच्या कडेने तपकिरी रेघ आणि रेघेखाली कीड होती. सिरॅमिक टिकले होते. कड मात्र दाताला नीट भिडली नव्हती.

इनले म्हणजे दाढेच्या खड्ड्याच्या मापाने बाहेर तयार करून मग आत चिकटवलेला तुकडा. तुकडा आणि दात यांच्यामध्ये थोडी फट राहतेच, ती चिकटवण्याच्या सिमेंटने भरते. फट रुंद असली तर उघडे पडलेले सिमेंट चावून चावून झिजते, तिथे घर होते आणि अन्न अडकते. उतारवयात रक्तदाबाच्या वगैरे औषधांनी तोंड कोरडे पडते, लाळेचे संरक्षण कमी होते आणि अशा जागी कीड लवकर लागते.

किती फट चालते? मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ साली कॅपबद्दल १२० मायक्रॉन ही मर्यादा सांगितली. आजही बरेच जण तीच धरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे दोन केसांच्या जाडीपेक्षाही कमी!

तुकडा करण्याच्या पद्धती मुख्यतः तीन.

पहिली, थर चढवण्याची. साच्यावर पोर्सिलेनची ओली भुकटी लावून भट्टीत भाजतात. भाजताना ती आकसते, म्हणून पुन्हा थर द्यावा लागतो. सगळी भिस्त कारागिराच्या हातावर.

दुसरी, दाबण्याची. आधी मेणाचा इनले कोरायचा, तो साच्याच्या मसाल्यात पुरायचा, मेण जाळून टाकायचे आणि त्या पोकळीत ९०० अंशांहून अधिक तापवलेले काचेसारखे सिरॅमिक दाबायचे. सोन्याच्या इनलेसाठी टॅगर्ट यांनी १९०७ साली मांडलेल्या मेणाच्या युक्तीचाच हा पुढचा अवतार. थंड होताना सिरॅमिक आकसते, ते मसाल्याच्या प्रसरणाने भरून निघते. मेणाची कड बारीक कोरली तर फट कमी राहते.

तिसरी, यंत्राने कोरण्याची. छोट्या कॅमेऱ्याने दाताचे माप घेतात, संगणकावर आकार आखतात आणि ठोकळ्यातून हिऱ्याच्या बरने तुकडा कोरतात. झुरिच विद्यापीठात मोरमान आणि ब्रांडेस्टिनी यांनी १९८५ साली या रीतीने पहिला इनले रुग्णाला बसवला. सुरुवातीच्या यंत्रांची कड बरीच सैल असे. आता फरक पुष्कळ कमी झाला आहे. तरी बरचे टोक जेवढे जाड, त्याहून अरुंद कोपरा त्याला कोरता येत नाही. म्हणून खड्ड्याचे कोपरे गोलसर ठेवावे लागतात. कड फार पातळ असली तर कोरताना तिचे टवके उडतात.

माझा इनले यंत्रावर झाला. मनातून मला मेणाचाच हवा होता! पहिला तुकडा बसवून पाहिला तेव्हा दाताच्या मागच्या बाजूला शोधणीचे टोक अडकले. माप घेताना हिरडीजवळ ओल होती, म्हणून कॅमेऱ्याला कड स्पष्ट दिसली नव्हती. बाईंनी तो तुकडा बाजूला ठेवला, हिरडी दूर सारून जागा कोरडी केली आणि पुन्हा माप घेतले. दुसरा तुकडा नेमका बसला. त्या दिवशी मला पटले की यंत्राला चुकीचे माप दिले तर तेही चुकीचाच तुकडा देते. पद्धत कोणतीही असो, खड्डा कोरणारा हात, माप आणि शेवटची तपासणी हीच महत्त्वाची.

म्हणून डॉक्टरांना निःसंकोच विचारा: तुकडा कुठे आणि कसा होणार? चिकटवण्याआधी कड तपासणार का? चिकटवताना रबराचा पडदा लावून दात कोरडा ठेवणार का? चिकटवण्याआधी तुकड्यावर जोरात चावू नका, तो तडकतो. नंतर त्याच जागी धागा फाटू लागला, खोबरे अडकू लागले किंवा थंड लागू लागले, तर महिनोन्महिने थांबू नका.

सिंगापूरच्या आपल्या ज्येष्ठांना आणखी एक सूचना. चॅस, पायोनियर किंवा मर्डेका कार्ड असलेल्या नागरिकांना काही दंतोपचारांत सवलत मिळते. तुमचा उपचार त्यात बसतो का, हे आधीच विचारून घ्या.

माझी दाढ वाचली. यंदा मलिद्याचे खोबरे उजव्या बाजूनेच चावले!