नाताळ पंचवीसला सुरू होतो

ऐक बाय, आज तुझ्याशी जरा मनातलं बोलायचंय. डिसेंबर लागला की तुझी धावपळ मी बघते. ऑफिस, लोकल, घराची साफसफाई, मुलांचे नवे कपडे, केकची ऑर्डर, ऑर्लेमच्या स्टॉलवरून स्टार आणि झालर. आणि पंचवीसच्या संध्याकाळी फोन केला की तुझा आवाज ओढलेला असतो. सगळं केलं तरी काहीतरी राहून गेलं, असं तू म्हणतेस. तुझी श्रद्धा कमी पडते असं मला कधीच वाटलं नाही. तू बाजाराच्या तारखांनी सण करतेस, आणि म्हणून ऐन सणाच्या दिवशी तुझ्यात काही उरत नाही.

बाजाराचं गणित साधं आहे. दिवाळीचे कंदील उतरले की त्याच खिळ्यांवर सांताच्या टोप्या चढतात, आणि सव्वीसला सकाळी सगळ्यावर सेलची पाटी लागते. देवळाचं कॅलेंडर याच्या उलट चालतं. आधी आगमनकाळाचे चार रविवार. फादरांच्या अंगावर जांभळा झगा, तिसऱ्या रविवारी गुलाबी. हे दिवस वाट बघण्याचे, मन झाडून घेण्याचे, कन्फेशनला जाण्याचे. नाताळ लागतो तो चोवीसच्या रात्री, आणि मग जानेवारीत तीन राजांचा सण येईपर्यंत आनंदच आनंद. दुकानदार आवराआवर करतो, तेव्हा आपला सण नुकता लागलेला असतो. एवढं एक मनाशी धरलंस तरी निम्मी दमछाक संपेल.

मग वाट कशी बघायची? दर रविवारी जेवायच्या आधी पाच मिनिटं काढ. चार मेणबत्त्या ठेव, दर रविवारी एक वाढवत जा. धाकट्याला लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या दोन अध्यायांतला एक तुकडा वाचू दे, आणि तो मराठीत वाचू दे. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ आपल्यासाठीच तर सिद्ध केलं. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापून निघालं. इंग्लंडातून आलेल्या त्या माणसाने येशूची कथा मराठी ओव्यांत सांगितली, कारण इथल्या नव्या ख्रिस्ती लोकांना पुराणासारखं काहीतरी आपल्या बोलीत हवं होतं. नगरकडे नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं, ते अपुरं राहिलं आणि लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. पोयसरचं आपलं रेमेडी माउलीचं देऊळ तर पोर्तुगीज काळातलं. आपला नाताळ या मातीत चारशे वर्षांहून जुना आहे, त्याला मॉलमधून नवा आणायची गरज नाही.

मुलं सांताचा हट्ट धरतात, म्हणतेस. धरू देत. पण त्यांना संत निकोलसची गोष्ट सांग. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात, मायरा गावचे ते बिशप. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं पैशावाचून अडली होती, तर त्यांनी रात्री गुपचूप त्याच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. मुद्दा गुपचूप देण्याचा आहे. म्हणून प्रत्येक मुलाने स्वतःच्या खाऊच्या पैशातून एक वस्तू घ्यावी आणि कुणाला न सांगता ती गरजूपर्यंत पोचवावी. पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉलची मंडळी घरोघरी जातातच, त्यांना कुठे काय हवंय ते नेमकं माहीत असतं.

आता गोठ्याचं. सोसायटीत स्पर्धा असते, लाइटिंग, धबधबा, सगळं हवं असतं. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी गोठा मांडला, तेव्हा त्यात गवत, बैल आणि गाढव एवढंच होतं. तान्ह्या बाळाला काय काय सोसावं लागलं ते डोळ्यांनी बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. तूही मुलांकडून वाटीत गहू पेरून घे, नाताळापर्यंत हिरवे कोंब येतील, तेच गोठ्यातलं गवत. आणि चोवीसच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेव. रिकामी गव्हाण बघून मुलं रोज विचारतील, बाळ कधी येणार? तो प्रश्नच आगमनकाळ आहे.

एक गोष्ट मात्र मला फार आतून सांगायची आहे. ७ डिसेंबर २०१५ ला कांदिवली पूर्वेला दामूनगरात आग लागली. भरदुपारी शेकडो झोपड्या जळाल्या, तान्ही लेकरं घेऊन आया उघड्यावर आल्या. आगमनकाळाचा दुसरा आठवडा होता तो. मरियेला आणि योसेफाला उतरायला जागा मिळाली नाही, हे आपण दरवर्षी वाचतो, आणि जागा नसलेली माणसं आपल्या स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर राहतात. बिल्डिंगचा वॉचमन, रात्रपाळीची नर्स, मुलं कॅनडाला गेल्यामुळे एकटी उरलेली तिसऱ्या मजल्यावरची आजी, हेही त्यातलेच. सजावटीचा खर्च निम्म्यावर आण आणि उरलेला अशा कुणासाठी वापर.

कुलकुल, न्युऱ्या, दोदोल, मिल्क क्रीम सगळं जरूर कर. पण एकटीने रात्री जागून करू नकोस. सासूबाईंना, नवऱ्याला, मुलांना काटे-चमच्यांवर कुलकुल वळायला बसव. त्या दोन तासांच्या गप्पा हासुद्धा नाताळच. पंचवीसला मिस्सा, घरचं जेवण आणि विश्रांती. ताटं वाटायला, भेटीगाठींना सव्वीसपासून नीघ, घाई कसली? अठ्ठावीसला हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचा सण असतो. त्या दिवशी मुलांना जवळ घेऊन युद्धात, उपासमारीत सापडलेल्या लेकरांसाठी प्रार्थना कर.

यंदा सगळं एकदम जमवू नकोस. चार मेणबत्त्या, रिकामी गव्हाण आणि जागा नसलेलं एक माणूस, एवढंच धर. बाकी राहिलं तर राहू दे. बाळ येशूला सजवलेलं घर लागत नाही, त्याला जागा लागते. ती ठेव, बाय.