थेंब कोठून आला? मोटारसायकलीच्या गळतीचा शोध

बंगळूर शहरातील बहुमजली इमारतींच्या तळघरांत रात्री मोटारसायकली ओळीने उभ्या असतात. सकाळी एखादी गाडी हलविली म्हणजे फरशीवर रुपयाएवढा काळपट डाग दिसतो. मालक वाकून पाहतो, तो डागाच्या नेमका वर एक बोल्ट असतो आणि त्याच्या टोकाशी दुसरा थेंब लोंबत असतो. बोल्ट सैल झाला असावा असे समजून तो पान्याने आवळला जातो. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा तेथेच उमटतो. मग जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या बाजारातून नवे गॅस्केट येते, ते बसविण्यासाठी इंजिन उघडले जाते, बराच खर्च होतो, आणि आठवड्याभराने डाग होता तसाच असतो.

मिस्त्रीच्या हातात येथे काही दोष नसतो. दोष अनुमानात असतो. थेंब जेथून सुटून खाली पडला तेथूनच द्रव यंत्राच्या बाहेर आला, असे गृहीत धरले गेलेले असते. हे गृहीत क्वचितच खरे ठरते. त्याचे कारण पाहण्यापूर्वी मात्र गळणारा द्रव कोणता, हे ठरविले पाहिजे.

मोटारसायकलीत द्रव पुष्कळ असतात. पेट्रोल आणि इंजिनाचे तेल सर्वांच्या परिचयाचे आहे. यांखेरीज पुढच्या चाकाच्या धक्काशोषकांत तेल असते, डिस्क ब्रेक असल्यास ब्रेकचा द्रव असतो, काही इंजिनांत शीतक असते आणि जुन्या धर्तीच्या बॅटरीत सौम्य गंधकाम्ल असते. पडलेला थेंब पांढऱ्या कागदावर टिपून घ्यावा. पेट्रोल वासावरून कळते आणि थोड्याच वेळात उडून जाते. त्याची परीक्षा काडी ओढून कधीही करू नये. तेलाचा डाग टिकून राहतो व कागद तेथे अर्धपारदर्शक होतो. अम्लाने निळा लिटमस तांबडा होतो. बहुतेक गाड्यांत वापरला जाणारा ब्रेकचा द्रव पेलाभर पाण्यात टाकला असता विरघळून जातो, तर तेल वर तरंगते व त्याच्या पातळ थरावर रंग खेळू लागतात. ही परीक्षा कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहता येईल.

द्रव ब्रेकचा ठरला, तर गाडी तेथून हलवू नये. ब्रेकची सारी किमया द्रव दाबला जात नाही या गुणधर्मावर आधारलेली आहे. द्रव कमी होऊन नळीत हवा शिरली, की बोटांचा जोर ती हवा दाबण्यातच खर्ची पडतो, आणि दांडी मुठीला टेकली तरी चाक थांबत नाही.

याउलट एक गळती अशी आहे की जी गळतीच नव्हे. थंडीतल्या सकाळी गाडी सुरू केल्यावर धुराड्याच्या नळीतून स्वच्छ पाणी ठिबकते आणि मालक घाबरतो. पेट्रोलमधील हायड्रोजन जळून त्याचे पाणी होते. एक लिटर पेट्रोल जळले असता सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. नळी तापेपर्यंत त्यातील काही वाफेचे पाणी होते, इतकेच. डिसेंबरात बंगळूरचे पहाटेचे तापमान १५–१६ अंश सेल्सियसपर्यंत उतरते, तेव्हा हे दृश्य नेहमीचेच असते.

आता तेलाकडे वळू. किटलीतून चहा ओतताना धार पेल्यात पडण्याऐवजी तोटीच्या खालच्या अंगाने ओघळते, हे प्रत्येक घरात पाहावयास मिळते. द्रव पृष्ठभागाला चिकटून राहतो, आणि पृष्ठताणामुळे त्याचा पापुद्रा अखंड राहू पाहतो. इंजिनाच्या सांध्यातून पाझरलेले तेल असेच धातूला धरून, आडव्या पृष्ठभागाच्या खालच्या बाजूनेसुद्धा, वीतभर प्रवास करते आणि जेथे खाली निघालेले टोक मिळेल तेथे थेंब होऊन सुटते. असे टोक बहुधा एखाद्या बोल्टाचे असते. म्हणून संशय नेहमी बिचाऱ्या बोल्टावर येतो. गाडी धावत असताना यात वाऱ्याची भर पडते. वारा तेलाला मागे आणि वरही ढकलतो. म्हणून तेलकट भागाची पुढची व वरची कड शोधावी; उगम त्या कडेजवळ असतो.

पण ही कड दिसावयास इंजिन आधी स्वच्छ हवे. पाच मिलिलिटर, म्हणजे चमचाभर तेल, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या जाडीने पसरले तर अर्धा चौरस मीटर जागा व्यापते. सारे इंजिन माखलेले पाहून तेल फार गेले असे वाटते ते यामुळे. थंड इंजिन धुऊन पुसून कोरडे करावे, खाली पुठ्ठा अंथरून त्यावर चाकांच्या व स्टँडच्या जागा आखून घ्याव्यात, आणि संशयित सांध्यांवर खडूची बारीक पूड किंवा अंगाला लावावयाची पावडर भुरभुरावी. मग गाडी थोडी फिरवून आणावी. बंद तळघरात इंजिन चालवीत बसू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू वास नसलेला आणि प्राणघातक आहे.

पावडरीवर तेल प्रथम जेथे उमटते तेथे काळपट ठिपका दिसतो. पांढरी पूड काळी का पडते? तेल काळे असते म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. स्वच्छ नव्या तेलानेही हाच परिणाम होतो. पुडीच्या कणांमध्ये हवा असते, आणि कण व हवा यांच्या असंख्य सीमांवर प्रकाश विखुरला जाऊन पूड पांढरी दिसते. त्या पोकळ्यांत तेल भरले की कण आणि भोवतालचे माध्यम यांच्या वक्रीभवनाच्या गुणांत फारसा फरक उरत नाही, प्रकाश विखुरणे कमी होते आणि खालचा गडद धातू डोकावू लागतो. कागदावरील तेलाचा डागही याच कारणाने अर्धपारदर्शक होतो.

याहून सूक्ष्म शोधासाठी तेलात विशिष्ट रंगद्रव्य मिसळून अंधारात जंबुपार प्रकाश टाकतात. उगमाची जागा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाने उजळते. या अनुस्फुरणाचा पाया जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांच्या १८५२ मधील निबंधाने घातला. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत १९२३ साली द्रवांतून येणारा जो अंधूक प्रकाश आढळला, तोही आरंभी दुर्बल अनुस्फुरण म्हणूनच गणला गेला होता. तो निराळाच परिणाम आहे हे १९२८ मध्ये सिद्ध झाले. पुढे १९३३ साली रामन बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आले.

या साऱ्या उपायांनी गळती कोठे आहे ते कळते. का आहे ते कळतेच असे नाही. रॉयल एनफील्डची बुलेट या दृष्टीने बोधप्रद आहे. १९५५ पासून मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला, ही गाडी तयार होऊ लागली. तिचे बिडाच्या सिलिंडरचे जुने इंजिन २०१० च्या सुमारापर्यंत चालू राहिले, आणि बंगळूरच्या रस्त्यांवर अशा गाड्या अजूनही दिसतात. या रचनेत इंजिन, क्लचची पेटी आणि गिअरची पेटी यांतील वंगण वेगवेगळे असते, म्हणून गळणारे वंगण कोणत्या पेटीचे, हेही पाहावे लागते.

३५० च्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७० आणि दट्ट्याचा प्रवास ९० मिलिमीटर आहे. म्हणजे दट्ट्या खाली येताना सुमारे ३४६ घन सेंटिमीटर जागा क्रँककेसमधील हवेपासून हिरावून घेतो. मिनिटाला २,४०० फेरे धरले तर हे सेकंदाला ४० वेळा घडते. ही हवा बाहेर जाण्यासाठी एक श्वासमार्ग ठेवलेला असून जुन्या गाड्यांत त्यावर बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप असते. ती हवेला बाहेर सोडते, आत येऊ देत नाही. त्यामुळे क्रँककेसमधील दाब सरासरीने बाहेरच्या दाबाहून थोडा कमी राहतो आणि तेल सांध्यांत आतल्या आत राहते.

रबर म्हातारे होऊन कडक झाले किंवा नळी चोंदली, की चित्र पालटते. आतला दाब वाढतो आणि तेल टॅपेटच्या झाकणाकडून, सिलिंडरच्या तळाशी, क्रँककेसच्या जोडावर, मिळेल तेथून बाहेर पडू लागते. शिवाय २०डब्ल्यू-५० जातीच्या तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध, ४० अंशांवर जेवढी असते त्याच्या आठव्या-नवव्या हिश्श्यावर १०० अंशांना येते. तापलेल्या इंजिनाची गळती जोरात असते ती म्हणून. पाच सांधे एकाच महिन्यात गळू लागले तर पाचही गॅस्केटे एकदम खराब झाली असे मानण्यापेक्षा सर्वांना समान असे एक कारण शोधणे शहाणपणाचे होय. तरीही प्रत्यक्षात बहुधा पाच गॅस्केटेच बदलली जातात.

याच इंजिनाचा दुसरा प्रकार अधिक फसवा आहे, आणि त्यात धोकाही आहे. तेलाची टाकी क्रँककेसमध्येच एका कप्प्याच्या रूपाने ओतलेली असते. तीत सुमारे सव्वादोन लिटर तेल मावते. एक पंप तेथून तेल यंत्राला पुरवितो, दुसरा ते परत आणतो. पंपाचे भाग झिजलेले असतील तर गाडी उभी असताना तेल हळूहळू पुरवठ्याच्या पंपातून उतरून क्रँकच्या कप्प्यात साचते. समजा, मालक तीन आठवडे गावी गेला. परत येऊन तो मोजपट्टी पाहतो, तो तेल खूणरेषेच्या खूपच खाली. फरशीवर डाग नाही; मग तेल गेले कोठे? तो अर्धा लिटर तेल ओततो व गाडी सुरू करतो. परतीचा पंप साचलेले तेल टाकीत आणतो, टाकी ओसंडते, आणि क्रँकने घुसळलेले तेल श्वासमार्गाने बाहेर फेकले जाते. काही गाड्यांत त्या नळीचे तोंड मागच्या साखळीकडे सोडलेले असते. साखळीवरून तेल मागच्या टायरवर पोहोचले, तर पहिल्याच वळणावर चाक घसरू शकते. मालकाला दिसते ते असे, की जितके तेल ओतावे तितके जास्त गळते. खरे पाहता तेल कमी झालेलेच नव्हते. फार दिवस उभी असलेली अशी गाडी मोकळ्या हवेत काही मिनिटे चालवून, मग बंद करून, नंतरच मोजपट्टी पाहावयाची असते.

तेल नाहीसे होते आणि फरशी खरोखरच कोरडी राहते, असाही एक प्रकार आहे. बंगळूरहून जवळच असलेल्या म्हैसूरला १९६१ ते १९९६ या काळात जावा आणि पुढे येझ्दी या द्विधावी गाड्या तयार होत. त्यांत पेट्रोल व हवा यांचे मिश्रण क्रँककेसमधूनच वर जाते, आणि शेजारच्या पेटीत गिअरचे तेल असते. दोहोंच्या मध्ये क्रँकभोवती एक रबरी सील असते. ते फाटले, की दट्ट्या वर जाताना होणाऱ्या शोषणाने गिअरचे तेल इंजिनात ओढले जाते व जळून जाते. गळती येथे बाहेरून आत होते. धूर दाट होतो, मेणबत्तीचा, म्हणजे स्पार्क प्लगचा, शेंडा तेलकट राहतो. निर्णय करावयाचा तर गिअरपेटीत तेल मोजून भरावे, पाचशे किलोमीटरनंतर सर्व काढून पुन्हा मोजावे. मापात शंभर-दीडशे मिलिलिटरांची तूट निघते. पुठ्ठ्यावर मात्र एकही थेंब नसतो.