दीड वर्ष झालं, बाळ अजून चालत नाही

"बाप पण उशिराच चालला होता, चालेल हळूहळू," असं पौडपासून ताम्हिणीपर्यंत कुठल्याही घरात ऐकायला मिळतं. पुष्कळदा ते खरंही ठरतं. पण दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, बसल्या जागी डोलत असेल, बुबुळं थरथरत असतील, तर थांबू नका. तळहातावर चुरमुरा ठेवून त्याला उचलायला लावा. हात थरथरत चुरमुऱ्याच्या पुढे गेला, तर लहान मेंदूची तपासणी हवी.

याचं एक दुर्मिळ कारण सांगतो. मेंदूच्या पेशी बरेचसे निरोप ग्लुटामेट या रसायनातून देतात आणि रिसेप्टर नावाची प्रथिनं ते टिपतात. लहान मेंदूतला ग्लूडी-2 हा रिसेप्टर याच कुळातला, पण ग्लुटामेटला दाद न देणारा. 1993 मध्ये सापडला तेव्हा त्याचं काम कुणालाच उमगेना. 2010 मध्ये उलगडा झाला: समोरच्या पेशीतून आलेलं सेरेबेलिन हे प्रथिन त्याला अडकतं आणि टिचबटण लावावं तशा दोन पेशी जोडून राहतात. ग्लूडी-2 घडवणाऱ्या ग्रिड-2 जनुकातल्या दोषामुळे तोल गेलेली मुलं 2013 मध्ये नोंदवली गेली. त्यांतल्या तुर्की कुटुंबात आई-वडील नात्यातले होते.

मामाची मुलगी करायची चाल आपल्याकडेही जुनी. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी ती नोंदवली आहे. अशा जोडप्यांची बहुतेक मुलं धडधाकट असतात, पण लपलेला दोष दोन्हीकडून एकत्र येण्याचा धोका वाढतो. हा दोष आईबरोबर बापाकडूनही येतो. म्हणून एकट्या सुनेला बोल लावणं मला सहन होत नाही.

उशिरा चालणाऱ्या सगळ्याच मुलांना हा जनुकीय आजार नसतो. थायरॉइड, बी-12 किंवा ई जीवनसत्त्वाची कमतरता औषधाने सुधारते, म्हणून आधी त्या तपासा. चालतं मूल अचानक झोकांड्या देऊ लागलं, सकाळी उलट्या, डोकेदुखी असेल, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. त्यांना मूल दाखवा. ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. या जनुकीय दोषावर औषध नाही, पण व्यायामोपचार लवकर सुरू झाला तर मूल बरंच सावरतं.

आई-वडील दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांतही हा दोष लपलेला असेल, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका असतो. गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्यात होते, पण नेमका दोष आधी माहीत असेल तरच. म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधीच पहिल्याचे रिपोर्ट घेऊन जनुकतज्ज्ञांना भेटा.