दुभत्या गाईचें आरोग्य

दुभत्या गाईच्या लाथाहि गोड, अशी आपली म्हण आहे. लाथ मारणारी गाय निदान सशक्त तरी असते. परंतु व्यालेली गाय दुसऱ्याच दिवशीं मान पोटाकडे वळवून बसली व उठेना, तर घराचा आधारच खचतो. दुसरबीडसारख्या गांवीं ज्या कुटुंबानें संकरित गाय घेतली आहे, त्याच्या मुलांची फी, पुस्तकें व घरची मीठमिरची यांचा खर्च पुष्कळदां तिच्याच दुधावर भागतो. म्हणून हा विषय विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं मिळून समजून घ्यावा.

राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची ‘फुले त्रिवेणी’ ही गाय घ्या. तिच्यांत निम्मा अंश होल्स्टीनचा, चतुर्थांश जर्सीचा व चतुर्थांश आपल्या गीरचा आहे. अशी गाय पुष्कळ दूध देते; पण तें दूध तिच्या रक्तांतील द्रव्यांपासूनच बनतें.

एक हिशेब करूं. ५०० किलो वजनाच्या गाईच्या रक्तांत एका वेळीं सुमारें ३ ग्रॅम कॅल्शियम असतें. चिकाच्या एका लिटरांत तें सुमारें २ ग्रॅम असतें. म्हणजे १० लिटर चीक निघाला, कीं रक्तांतील सांठ्याच्या सहापटींहून अधिक कॅल्शियम बाहेर गेलें! हाडें व आंतडीं ही तूट भरून काढतात. परंतु त्यांना वेग येण्यास एकदोन दिवस लागतात. तेवढ्यांत स्नायु ढिले पडून गाय बसते. यास दुग्धज्वर म्हणतात. नांवांत ज्वर असला, तरी अंग उलट थंड पडतें.

१९०० च्या सुमारास डेन्मार्कमधील पशुवैद्य कासेंत हवा भरून अशी गाय उठवीत. कारण मात्र ठाऊक नव्हतें. १९२५ सालीं स्कॉटलंडमधील ड्रायर व ग्रेग यांनीं कॅल्शियमच्या उणीवेकडे बोट दाखविलें, तेव्हां उलगडा झाला. हवेच्या दाबानें दूध उतरणें थांबे, व कॅल्शियम रक्तांतच राही.

दुसरी तूट शक्तीची. व्यायल्यावर दूध झपाट्यानें वाढतें, भूक मात्र मागें राहते. मग गाय अंगची चरबी जाळूं लागते. यकृताला तें पेलेनासें झालें, कीं कीटोन द्रव्यें रक्तांत सांचतात. श्वासास गोडसर वास येतो व खुराक नकोसा होतो. याच दिवसांत रोगजंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशीहि दुबळ्या होतात, कारण त्यांनाहि कॅल्शियम व शक्ति लागते. म्हणूनच कासदाह व गर्भाशयाचा दाह हीं दुखणीं व्यायल्यावर अधिक जडतात.

उपाय साधे आहेत. व्यायच्या आधीं दोन महिने गाय आटवावी, पण लठ्ठ होऊं देऊं नये. पेंड व भरडा हळूहळू वाढवावा; एकदम वाढविल्यास पोटांत आम्ल होतें. कडबा व पाणी कमी पडूं देऊं नये. आटलेल्या दिवसांत कॅल्शियमचा मारा करूं नये. आयता पुरवठा मिळाला, कीं शरीर हाडांतून तें काढण्यास आळसावतें. गाय बसलीच, तर तोंडांत औषध ओतूं नये, तें फुप्फुसांत जाण्याचें भय असतें. तत्काळ पशुवैद्यांस बोलवावें.

२०२२ सालीं महाराष्ट्रांत लम्पी चर्मरोगाची मोठी साथ आली, तेव्हां लशीचें महत्त्व सर्वांस पटलें. परंतु लस शत्रूची ओळख करून देते. लढावें लागतें तें शरीरासच. त्या शरीराची शिदोरी आपण व्यायच्या आधींच बांधून ठेवली पाहिजे.